हुगळीवरील सेतु आणि नागपूर

हावड्याचा पूल कलकत्त्याचा. त्याचा वृत्तांत नागपुरांतील वाचकांपुढें कशासाठीं, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, ज्या हुगळी नदीवर हा पूल उभा आहे तिच्या पश्चिम तीरापर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या फौजा एके काळीं पोंचल्या होत्या. त्या प्रसंगाविषयीं आपल्याकडे जें अभिमानानें सांगितलें जातें, तें पुराव्याच्या आधारें एकदां तपासून पाहणें अवश्य आहे.

पहिल्या रघूजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर हे इ. स. १७४२ मध्यें बंगाल्यांत उतरले. बर्दवानजवळ त्यांनीं नबाब अलीवर्दीखानाची कोंडी केली. मीर हबीब त्यांस मिळाला आणि मे महिन्यांत मराठी स्वारांनीं मुर्शिदाबादेंत शिरून जगत्‌शेटाची पेढी लुटली. परंतु नबाब येऊन पोंचतांच त्यांना पुन्हा पश्चिम तीरास परतावें लागलें. काटवा येथें त्यांचा तळ पडला, हुगळीचें ठाणेंहि हातीं आलें. पण पावसाळ्यांत नदी फुगली, तेव्हां दोन्ही पक्षांमधील सीमा तीच ठरली. घोड्यावर भिस्त ठेवणाऱ्या सैन्याजवळ आरमार नव्हतें, हें येथें ध्यानांत घ्यावें.

या कथेंतील पहिला पूल शत्रूनें बांधिला. मराठे दुर्गापूजेच्या उत्सवांत असतां अलीवर्दीखानानें होड्यांचा पूल करून नदी ओलांडली आणि २७ सप्टेंबर १७४२ रोजीं पहाटे काटव्याच्या तळावर छापा घातला. भास्कररामांना सर्व सोडून निघावें लागलें.

याच धामधुमींत कलकत्त्यास 'मराठा खंदक' खणण्यास आरंभ झाला. सुमारें ७ मैलांचा बेत होता. ३ मैल खणून झाल्यावर, मराठे येत नाहींत असें पाहून, काम थांबलें. "इंग्रजांनीं आमच्या भीतीनें खंदक खणला," हें वाक्य आम्हींहि विद्यार्थ्यांपुढें पुष्कळ वर्षें उच्चारिलें आहे. तें अर्धेंच खरें आहे. एक तर हा खंदक शहराच्या उत्तरेस व पूर्वेस, म्हणजे जमिनीच्या बाजूस होता; पश्चिमेचें रक्षण नदीच करीत होती. दुसरें असें कीं, तो खणण्याची परवानगी कंपनीजवळ मागितली ती तेथील एतद्देशीय रहिवाशांनीं, आणि खर्चहि आपणच सोसूं म्हणून सांगितलें. अर्थात् ही भीति केवळ टोपीकरांची नव्हती. पश्चिम तीरावरील गांवें जळत होतीं आणि तेथील माणसें जीव घेऊन नदीपार पळत होतीं. गंगाराम या समकालीन कवीनें 'महाराष्ट्र पुराण' या बंगाली काव्यांत हे अत्याचार नमूद केले आहेत. बंगाली आया मुलांस निजवितांना अजूनहि बर्गींचें नांव घेतात. पुढें १७४४ मध्यें मनकरा येथें तहाच्या बोलण्यास बोलावून नबाबानें भास्कररामांचा विश्वासघातानें वध केला, हें आपण आवर्जून सांगतों, आणि तें सांगितलेंच पाहिजे. पण एक सांगून दुसरें झांकणें ही इतिहासाची रीत नव्हे.

१७५१ च्या तहानें नबाबानें सालिना १२ लक्ष रुपये चौथ कबूल केली आणि सुवर्णरेखा नदी ही सीमा ठरली. १८०३ च्या देवगांवच्या तहानें कटक प्रांतहि दुसऱ्या रघूजींच्या हातून गेला. भोसल्यांचा हुगळीशीं संबंध तेव्हां संपला. नागपूरचा मात्र संपला नाहीं.

हावड्याहून आगगाडी १८५४ सालीं सुरू झाली, परंतु उतारूंना कलकत्त्यास जाण्यास नावेचाच आश्रय होता. १८६२ मध्यें टर्नबुल नांवाच्या इंजिनीअरानें पाहणी केली आणि तळाच्या खोल चिखलामुळें येथें पूल बांधणें कठीण, असा अभिप्राय दिला. तेव्हां सर ब्रॅडफर्ड लेस्ली यानें पायांचा प्रश्नच टाळून लोखंडी तराफ्यांवर तरंगता पूल केला. बांधकाम चालूं असतां मार्च १८७४ मधील वादळांत एक आगबोट आदळून त्याचा कांहीं भाग मोडला. तरी त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तो खुला झाला. लांबी १,५२८ फूट, खर्च २२ लक्ष रुपये. जहाजांना वाट देण्यासाठीं मधला २०० फुटांचा भाग बाजूस सारीत, आणि तोंवर दोन्ही तीरांवर रहदारी खोळंबून राही.

१९०० मध्यें बंगाल-नागपूर रेल्वेची गाडी खरगपुरावरून हावड्यास जाऊं लागली. ज्या नदीनें नागपूरच्या स्वारांना अडविलें, तिच्याच तीरीं आतां नागपूरचा उतारू गांठोडें घेऊन उतरूं लागला.

सध्यांच्या पुलाचें काम १९३६ मध्यें सुरू झालें. जहाजांस अडथळा नको म्हणून नदीच्या पात्रांत एकहि खांब घातला नाहीं. दोन तीरांवरील बुरुजांतून पुढें आलेल्या बाहूंवर १,५०० फुटांचा मधला गाळा तोलला आहे. यास २६,५०० टन पोलाद लागलें, त्यांपैकीं २३,००० टन टाटांच्या कारखान्याचें. या कारखान्याची एक आठवण नागपुरांतील आहे. दोराबजी टाटा लोखंडाच्या शोधांत असतां येथील अजबबंगल्यांत भूस्तरांचा नकाशा त्यांच्या पाहण्यांत आला आणि दुर्ग जिल्ह्यांतील खनिजाकडे त्यांचें लक्ष गेलें, ही हकीकत प्रसिद्ध आहे. कारखाना शेवटीं साकचीस, मयूरभंजच्या खनिजावर उभा राहिला. तथापि त्या शोधाच्या वाटेवर आपलें शहर होतें.

जपानी विमानांच्या भीतीमुळें ३ फेब्रुवारी १९४३ रोजीं हा पूल कोणत्याहि समारंभावांचून खुला झाला. पहिली गेली ती एक ट्रामगाडी. १९६५ मध्यें त्यास 'रवींद्र सेतु' हें नांव मिळालें.

'सेतु' हा शब्द बांधणें या अर्थाच्या 'सि' धातूपासून झाला आहे. संस्कृतांत त्याचा अर्थ पूल असा आहे, तसाच बांध किंवा मर्यादा असाहि आहे. छांदोग्य उपनिषदांत तो लोकांना परस्परांपासून वेगळें धरून ठेवणाऱ्या मर्यादेच्या अर्थानें आला आहे. हुगळीच्या इतिहासांत हे दोन्ही अर्थ आढळतात. आम्हीं हावड्यास उतरून तो पूल पायीं ओलांडिला, तेव्हां शेजारून डोक्यावर टोपल्या घेतलेल्या हमालांची रांग चालली होती. आम्ही कोठून आलों, हें तेथें कोणीं विचारिलें नाहीं. विचारलें असतें, तर 'नागपुराहून' एवढें सांगतांना क्षणभर थांबावें लागलें असतें, असें आम्हांस वाटलें, आणि अजूनहि वाटतें.