‘डॉक्ट्रिन’ आणि ‘डॉग्मा’

पाश्चात्त्य विचारेतिहास मराठीतून शिकवताना ‘डॉक्ट्रिन’ आणि ‘डॉग्मा’ या दोहोंसाठी आम्ही वर्षानुवर्षे ‘सिद्धान्त’ हा एकच शब्द वापरत आलो. चूक आमचीच, आणि ती लहान नाही.

‘डॉक्ट्रिन’च्या मुळाशी ‘शिकवणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. चर्च जे जे शिकवते ते सारे त्यात येते. (फादर स्टीफन्स यांची १६२२ साली राशोल येथे छापली गेलेली कोंकणी प्रश्नोत्तरी शीर्षकात ‘दौत्रिना’च म्हणवते.) ‘डॉग्मा’ हा शब्द ग्रीक. त्याचे मूळ ‘वाटणे’ या क्रियापदात असले, तरी लूकच्या शुभवर्तमानात सम्राट ऑगस्टसच्या शिरगणतीच्या फर्मानाला हाच शब्द आहे. वाटण्यापासून फर्मानापर्यंतचा हा प्रवास आम्हांला फार बोलका वाटतो.

मरिया गर्भधारणेच्या क्षणापासूनच मूळ पापापासून मुक्त होती, ही कॅथलिक समजूत जुनी. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ती मान्य केली नाही, तरीही तो संतपदाला पोहोचला. ८ डिसेंबर १८५४ रोजी नववे पायस यांनी तीच समजूत ‘डॉग्मा’ म्हणून घोषित केली. विधान बदलले नाही; ते नाकारण्याची किंमत बदलली. अक्वायनसचा मतभेद आता पाखंड ठरला असता.

ही किंमत इग्नाझ फॉन डॉलिंगर यांनी प्रत्यक्ष मोजली. म्युनिकचे हे कॅथलिक धर्मगुरू चर्चच्या इतिहासाचे नामांकित प्राध्यापक होते. पोप आपल्या पीठाच्या पूर्ण अधिकाराने श्रद्धा वा नीती यांविषयी निर्णय देतात तेव्हा ते प्रमादातीत असतात, हा डॉग्मा १८ जुलै १८७० रोजी व्हॅटिकन परिषदेत ५३३ विरुद्ध २ मतांनी संमत झाला. विरोधकांपैकी बरेच जण मतदानापूर्वीच रोम सोडून गेले होते, हे त्या आकड्यात दिसत नाही. इतिहासाचा दाखला देत डॉलिंगर यांनी तो स्वीकारण्यास नकार दिला आणि १८७१ साली ते बहिष्कृत झाले.

त्यांनी ‘सिद्धान्त नाकारला’ असे आम्ही लिहून देतो, तेव्हा विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे एक नास्तिक उभा राहतो. ते तर स्वतःला अखेरपर्यंत कॅथलिकच मानत होते. म्हणून आता ‘डॉक्ट्रिन’ला आम्ही ‘शिकवण’ म्हणतो आणि ‘डॉग्मा’ला ‘धर्मनिर्णय’. दुसरा शब्द थोडा कचेरीतला वाटतो, पण ऑगस्टसचे फर्मान आठवले की तो खटकत नाही.

डॉलिंगर १८९० साली म्युनिकमध्ये वारले. बहिष्कार तोवर उठला नव्हता.