विहिरीच्या तळाशी सापडलेली मुलगी



उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायला घेतला की तळातून काय काय निघतं, हे तुम्हाला सांगायला नको. कुणाची कळशी, कुणाचा पोहरा, पोरांची चप्पल, फुटके घडे. आमच्या गावच्या एका जुन्या आडाबद्दल आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय की त्यात एका सुनेनं जीव दिला. यंदा तो आड उपसला, तेव्हा तळाशी एक पितळी कळशी निघाली, गळ्याला दोराचा तुकडा तसाच. आमच्या गटातल्या थोरल्या बाई म्हणाल्या, “जीव द्यायला निघालेली बाई कळशीला दोर बांधून जाते का गं?” सगळ्या गप्प झाल्या. कळशी तिचीच होती असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण प्रश्न काही मनातून जाईना.

तो प्रश्न मनात ठेवूनच आज आपण फार लांब, मेक्सिको देशात जाणार आहोत. तिथेही पाण्यात गेलेल्या बायकांच्या गोष्टी शेकडो वर्षं सांगितल्या गेल्या, आणि तळाशी उतरल्यावर वेगळंच काही हाती आलं.

मेक्सिकोच्या पूर्वेला युकातान नावाचा सपाट प्रदेश आहे. सगळा चुनखडीचा दगड. पाऊस पडतो, पण पाणी दगडातून झिरपून खाली जातं, त्यामुळे उत्तरेकडच्या भागात जमिनीवर नदी अशी दिसतच नाही. नद्या आहेत त्या जमिनीच्या पोटात. पाण्यानं दगड विरघळत जातो, आत गुहा होतात, आणि कधीतरी गुहेचं छत कोसळतं. मग जमिनीत मोठं भोक पडतं आणि खाली गोडं पाणी दिसतं. या विवरांना तिथे सेनोते म्हणतात. मूळ शब्द तिथल्या माया लोकांचा, स्पॅनिश लोकांच्या तोंडी त्याचा सेनोते झाला. माया लोकांची गावं आणि शहरं या विवरांच्या आसऱ्यानं वसली. पाणी तिथे गाव, हे आपल्याला नवीन नाही.

जिथे पाणी फार खोल, तिथले हाल विचारू नका. १८४० च्या सुमारास जॉन स्टीफन्स नावाचा अमेरिकी प्रवासी आणि फ्रेडरिक कॅथरवुड हा चित्रकार तिकडे फिरत होते. बोलोनचेन नावाच्या गावात विहिरी आटल्या की सगळं गाव एका गुहेत उतरून पाणी आणायचं. झाडाच्या खोडांची, वेलींनी बांधलेली अवाढव्य शिडी, आणि तिच्यापुढे आणखी शिड्या, एकीखाली एक. अंधारात, मशालीच्या उजेडात. कॅथरवुडनं काढलेलं त्या शिडीचं चित्र आजही प्रसिद्ध आहे. माणसं त्यात मुंगीएवढी दिसतात. चित्र पाहून लोक वाहवा करतात. आमच्या मनात आधी आलं ते हे, की भरलेलं भांडं घेऊन वर चढताना पाय कुठे ठेवत असतील.

याच प्रदेशात चिचेन इत्झा नावाचं जुनं शहर आहे. नावाचा अर्थच ‘इत्झा लोकांच्या विहिरीच्या तोंडाशी’. तिथे पिण्याच्या पाण्याचं विवर वेगळं आणि देवाचं वेगळं. देवाचं विवर सुमारे ६० मीटर रुंद, उभ्या कड्यांचं, काठापासून वीसेक मीटर खाली हिरवट पाणी. सोळाव्या शतकात दिएगो दे लान्दा या स्पॅनिश धर्मगुरूनं लिहून ठेवलं की दुष्काळ पडला की इथे पावसाच्या देवाला जिवंत माणसं आणि मौल्यवान वस्तू वाहतात. पुढच्या लोकांनी त्यात रंग भरले. सजवलेल्या सुंदर कुमारिका, ढोल, काठावरून ढकलणं. वाचणाऱ्याला गोष्ट आवडली आणि तीच जगभर पसरली.

ती पसरवणाऱ्यांत एडवर्ड थॉम्पसन होता. हा अमेरिकेचा तिथला वकील. त्यानं चिचेन इत्झाची जमीनच विकत घेतली आणि १९०४ साली काठावर याऱ्या बसवून विवराचा गाळ उपसायला सुरुवात केली. लोखंडी जबड्याची बादली खाली जायची आणि चिखल घेऊन वर यायची. बरेच दिवस नुसता पाला आणि चिखल. मग एके दिवशी पांढरट गोळे निघाले, जाळल्यावर वास सुटला. तो होता कोपाल, म्हणजे तिथला धूप. पुढे हिरवे जेड मणी, सोनं, तांब्याच्या घंटा आणि माणसांची हाडं निघाली. थॉम्पसन स्वतःही पाण्यात उतरला. तेव्हा पाणबुड्याच्या डोक्यावर तांब्याचं शिरस्त्राण असायचं आणि वरून माणसं पंपानं हवा द्यायची. पाणी इतकं गढूळ की दिव्याचा उपयोग नाही, सगळं हातानं चाचपून. त्यात त्याचे कान कायमचे बिघडले.

धाडस मोठं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण लोखंडी जबड्यानं उपसलं की कोणती वस्तू कशाच्या शेजारी होती, वर होती की खाली, हे कायमचं पुसलं जातं. शिवाय वस्तू गुपचूप अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात गेल्या. मेक्सिको सरकारनं १९२६ साली थॉम्पसनवर खटला भरला. काही वस्तू परत यायला १९७० चं दशक उजाडावं लागलं.

आणि हाडं? तज्ज्ञांनी ती तपासली तेव्हा कुमारिकांची गोष्ट ढासळली. त्यात पुरुष होते, वयानं मोठ्या बायका होत्या, आणि लेकरं पुष्कळ होती. अलीकडे, २०२४ साली, याच विवराजवळच्या जमिनीखालच्या एका टाक्यातल्या ६४ लेकरांच्या हाडांची तपासणी प्रसिद्ध झाली. सगळेच्या सगळे मुलगे. त्यांत जुळे भाऊही होते. म्हणजे बळी गेले नाहीत असं नव्हे, गेलेच. पण गोष्ट सांगणाऱ्यांना दिसल्या त्या नटवलेल्या पोरी, आणि ज्यांची आई घरी रडत बसली असेल ती लेकरं कुणाच्या गोष्टीत आलीच नाहीत. आपल्या शीतला सप्तमीच्या कहाणीत तळ्याला पाणी लागावं म्हणून राजा सुनेच्या मुलाचा बळी देतो, हे तुम्हाला आठवलं असेल. आपल्या कहाणीत निदान ती आई आहे, आणि तिला तिचं लेकरू परत मिळतं.

आता दुसऱ्या विवराकडे जाऊ. त्यासाठी थोडं पाण्याखालच्या श्वासाबद्दल सांगायला हवं. १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां या दोघांनी असं यंत्र तयार केलं की पाठीवरच्या टाकीतली हवा माणसाला हवी तेवढीच तोंडात मिळते. वरून नळी नको, पंप नको. यालाच स्कूबा म्हणतात. आपल्याकडची पोरं विहिरीत सूर मारून तळाची माती घेऊन येतात, ती एका दमात. स्कूबामुळे माणूस तिथे थांबून काम करू शकतो.

पण गुहेतलं पाणी समुद्रापेक्षा घातकी. समुद्रात काही झालं तर वर तरी यायचं. गुहेत डोक्यावर दगड असतो. पाय जोरात मारला की तळाचा बारीक गाळ उठतो आणि स्वतःचा हात दिसत नाही. म्हणून आत जाताना दोरी सोडत जायचं आणि येताना तीच धरून यायचं. हवेचा हिशोब असा, की तीन भाकरी बांधून निघालात तर एक जाताना खायची, एक येताना, आणि तिसरी अडीअडचणीसाठी तशीच ठेवायची. खोल गेल्यावर हवेतला वायू रक्तात मुरतो. सोड्याची बाटली झटकन उघडली की फसफसते, तसं झटकन वर आलं तर रक्तात बुडबुडे होतात आणि माणूस लुळा पडतो किंवा मरतो. म्हणून टप्प्याटप्प्यानं, थांबत थांबत वर यायचं. हे नियम बसले ते अनेकांनी जीव गमावल्यावर.

२००७ साली तीन पाणबुडे मेक्सिकोच्या तुलुम गावाजवळ पाण्याखालच्या गुहांचा नकाशा करत होते. लांब बोगद्यातून जाता जाता एकदम पायाखालची जमीनच संपली. दिवे खाली धरले तरी तळ दिसेना. त्यांनी त्या जागेला नाव दिलं ओयो नेग्रो, म्हणजे काळं विवर. आत सुमारे ६० मीटर रुंदीचा खड्डा. पुढे तळापर्यंत उतरले तेव्हा हत्तीसारख्या प्राण्याची, अस्वलांची, सुळेवाल्या वाघाची आणि प्रचंड मोठ्या स्लॉथची हाडं दिसली. यांतले कितीतरी प्राणी पृथ्वीवरून केव्हाच नाहीसे झालेत. आणि त्यांच्यामध्ये माणसाची एक कवटी, उलटी पडलेली, दात जागच्या जागी.

इथे एक बाई गोष्टीत येतात, पिलार लुना. मेक्सिकोत पाण्याखालच्या पुरातत्त्वाचा सरकारी विभाग त्यांनी १९८० साली उभा केला आणि पुढची कित्येक वर्षं चालवला. बुडालेल्या जहाजांतलं सोनं काढू द्या म्हणून येणाऱ्या कंपन्यांना त्या दाद देत नसत. ओयो नेग्रोचं काम त्यांच्याकडे आलं. रीत अशी ठरली की आधी हात लावायचा नाही. फोटो काढायचे, मापं घ्यायची, कुठलं हाड कुठल्या दगडाजवळ आहे ते टिपायचं. त्या कवटीचा सगळ्या बाजूंनी फोटो मिळावा म्हणून सुझन बर्ड आणि अल्बेर्तो नावा या पाणबुड्यांनी तळाशीच फिरतं पाट ठेवलं आणि त्यावर कवटी हळूच ठेवून चित्रं घेतली. पिलारबाई २०२० साली गेल्या.

२०१४ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. ती कवटी एका मुलीची. वय पंधरा-सोळा. उंची पाच फुटांहून थोडी कमी. जगली ती १२ ते १३ हजार वर्षांपूर्वी. तिला नाव दिलं नाइया, जुन्या ग्रीक कथांतल्या जलपऱ्यांवरून. तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा खूप खाली होता, त्यामुळे या गुहा कोरड्या होत्या आणि माणूस चालत आत जाऊ शकत होता. खड्ड्याच्या तळाशी मात्र थोडंफार पाणी साचत असावं. अभ्यासकांचा अंदाज असा की ती पाणी शोधत अंधारात आत गेली आणि पाऊल चुकलं. सुमारे ३० मीटर, म्हणजे आठ-दहा मजली इमारतीएवढं खाली पडली. कमरेचं हाड तुटलेलं आहे. पुढे समुद्र वाढला, गुहा पाण्यानं भरल्या आणि ती तिथेच राहिली.

हाडं आणखी सांगतात. वाढीच्या वयात ती अनेकदा उपाशी राहिली होती, हाडांच्या वाढीत तशा खुणा आहेत. हाताचं एक हाड आधी कधीतरी मोडून जुळलेलं. आणि कमरेच्या हाडावरच्या खुणांवरून तिला एक बाळंतपण झालं असावं असं अभ्यासक म्हणतात. पंधरा-सोळाव्या वर्षी. आमच्या बैठकीत हे वाचलं तेव्हा एक जण म्हणाली, “म्हणजे बारा हजार वर्षांत काय बदललं?” आम्ही तिला उत्तर दिलं नाही. बदललं पुष्कळ आहे, कायदा आहे, दवाखाना आहे. पण तिचा प्रश्न चुकीचा होता असंही आम्हाला म्हणवत नाही.

तिच्या अक्कलदाढेतून शास्त्रज्ञांनी असा अंश मिळवला जो फक्त आईकडून लेकरांना मिळतो. तो आजच्या अमेरिकेतल्या मूळ आदिवासी लोकांमध्येही सापडतो. तिच्या चेहऱ्याची ठेवण आजच्या आदिवासींपेक्षा वेगळी दिसते, म्हणून हे आधीचे लोक कुणी वेगळेच होते का, असा वाद बरीच वर्षं चालला होता. या मुलीच्या दाढेनं सांगितलं की नाही, ती त्यांच्याच घरची.

तिला तिथेच राहू द्यावं असाच विचार होता. पण परवानगी न घेता हौशी पाणबुडे खाली जाऊ लागले, हाडं हलली, मोडली. शेवटी तिची हाडं एकेक करून वर आणावी लागली. भोवतीचे बाकीचे प्राणी बरेचसे अजून तळाशीच आहेत.

आमच्या आडातली ती कळशी सध्या गटाच्या खोलीत आहे. थोरल्या बाईंनी बजावलंय की कुणी चिंचेनं घासायची नाही, आतला गाळ तसाच राहू द्यायचा आणि दोर सोडायचा नाही. आडाच्या शेजारी ज्यांचं आयुष्य गेलं अशा दोन आज्यांना आम्ही पुढच्या बुधवारी बोलावलंय. त्या सुनेला त्यांनी पाहिलेलं आहे. त्यांचं बोलणं आम्ही रेकॉर्ड करणार आहोत, त्या हो म्हणाल्या तर.