वाड्यातली शाळा

रेगेन्सबर्गला आलो तेव्हा माझं ऑफिसात इंग्रजीवर भागायचं. पंचाईत बायकोची होती. दुकान, बस, डॉक्टर, कुठेच तिच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी शेजारच्या आजी म्हणाल्या, "फाउ-हा-एसला जा की!"

फाउ-हा-एस म्हणजे फोल्क्सहोखशूल. शब्दाला शब्द लावला तर 'लोकांची उच्च शाळा'. नगरपालिका ती चालवते. पदवी मिळत नाही, वयाची अट नाही. जर्मन शिका, शिवणकाम शिका, नाहीतर (हसू नका) योगासनं. पत्ता शोधत हाइडप्लाट्झ चौकात पोचलो तर समोर चक्क एक वाडा! थोन-डिट्मर पॅलेस. याच घराण्यातले गॉटलीब फॉन थोन-डिट्मर गावचे महापौर होते आणि १८४८ साली बवेरियाचे गृहमंत्री झाले. त्यांच्या वाड्यात आता आम्ही परदेशी मंडळी 'देर, दी, दास' घोकणार!

मूळ कल्पना डेन्मार्कच्या ग्रुंटविगची. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी अशी पहिली शाळा १८४४ साली रोडिंग गावात निघाली. जर्मनीत या शाळांचं पीक आलं ते पहिलं महायुद्ध हरल्यावर. कैसर गेला, सगळ्यांना मत मिळालं. पण मत देणाऱ्याला शिकवायचं कुणी? १९१९च्या राज्यघटनेने, कलम १४८ मध्ये, ते काम सरकार आणि नगरपालिकांवर टाकलं. १९३३ नंतर नाझींनी या शाळा बंद तरी केल्या, नाहीतर प्रचाराला जुंपल्या. ज्या शाळेत प्रौढ माणसं एकत्र बसून वाद घालतात ती त्यांना कशी परवडणार? म्हणूनच १९४६च्या बवेरियाच्या घटनेत प्रौढशिक्षण पुन्हा आलं: कलम १३९, सरकारी पैशाने.

मला इथे आपली १८५५ची रात्रशाळा आठवते. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी ती कष्टकऱ्यांसाठी काढली होती. डेन्मार्कनंतर अवघ्या अकरा वर्षांनी! पण तिला घटनेचं पाठबळ नव्हतं, दोन माणसांची जिद्द होती.

२००५च्या कायद्याने परदेशातून आलेल्यांसाठी सरकारी अभ्यासक्रम सुरू झाला. आता त्यात ६०० तास भाषा आणि १०० तास देशाचा इतिहास, कायदा वगैरे असतं. असे वर्ग घेणाऱ्यांत फाउ-हा-एस आघाडीवर आहेत. बायको मात्र साध्या संध्याकाळच्या वर्गाला जात होती. तिच्या बाकावर एक तुर्की आजी आणि एक पोलिश सुतार.

चौथ्या महिन्यात तिने डॉक्टरची वेळ फोनवर स्वतः घेतली. माझ्यासाठी. मला "घसा दुखतोय" एवढंही धड सांगता येत नव्हतं.