महाबळेश्वरचे लहरी हवामान आणि अंदाजाची भाषा

सकाळच्या वृत्तपत्रात सातारा जिल्ह्यासाठी ‘तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस’ असा अंदाज वाचून पर्यटक घाट चढू लागतात. वाईत कोरडे रस्ते, पाचगणीत ढगाआडून डोकावणारे ऊन आणि महाबळेश्वरच्या वेशीवर मात्र गाडीचे दिवे लावावे लागतील असे धुके व कोसळता पाऊस! ‘वेधशाळेचा अंदाज पुन्हा चुकला’ असा शेरा मग ठरलेलाच असतो. वस्तुतः अनेकदा अंदाज चुकलेला नसतो. तो वाचण्यात आपली गल्लत झालेली असते. या लहानशा गिरिस्थानाचे हवामान इतके चंचल का, आणि त्याचा अंदाज कसा समजून घ्यावा, हे पाहू.

तीन गावे, तीन पाऊस

समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवरचे महाबळेश्वर सह्याद्रीच्या ऐन कड्याजवळ वसले आहे. पश्चिमेकडे हा कडा एकदम कोकणात उतरतो. जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे या भिंतीला अडून वर चढतात. वर चढणारी हवा प्रसरण पावते आणि थंड होते. थंड हवेत बाष्प कमी मावते. उरलेल्या बाष्पाचे ढग बनतात व पाऊस पडतो. वाऱ्याची ही चढण ऑर्थर सीटवर प्रत्यक्ष अनुभवता येते. तेथे दरीत टाकलेली हलकी वस्तू वाऱ्याबरोबर पुन्हा वर येते.

कडा ओलांडून पूर्वेकडे गेलेले वारे खाली उतरताना तापतात व कोरडे होतात. म्हणूनच महाबळेश्वरला वर्षाकाठी सुमारे साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो, तर अवघ्या वीस किलोमीटरवरील पाचगणीत त्याच्या साधारण एकतृतीयांश. पसरणीचा घाट उतरून वाईला पोहोचावे, तर हे प्रमाण सातशे मिलिमीटरच्या आसपास येते. यालाच पर्जन्यछाया म्हणतात.

धुके की ढग?

पावसाळ्यात महाबळेश्वरच्या बाजारपेठेत शिरणारे ‘धुके’ बहुधा ढगच असतो. ढगाचा तळ पठाराच्या उंचीपेक्षा खाली आला, की गाव ढगात बुडते. हिवाळ्यातील धुक्याचा प्रकार वेगळा. निरभ्र, शांत रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची हवा जड होऊन दरीत साचते आणि तिच्यातील बाष्पाचे धुके बनते. अशा पहाटे पाचगणीच्या पठारावर स्वच्छ आकाश असते आणि खाली कृष्णेचे खोरे पांढऱ्या चादरीखाली असते. एरवी उंचीबरोबर तापमान घटते. अशा वेळी मात्र खाली गारठा आणि वर ऊब असा उलटा क्रम दिसतो.

दवबिंदू गोठतात तेव्हा

‘महाबळेश्वर गोठले’ अशी बातमी हिवाळ्यात येते, त्याच दिवशीच्या तक्त्यात मात्र किमान तापमान आठ-दहा अंश दिसते. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. अधिकृत तापमान जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत मोजले जाते. उघड्यावरचे गवत त्याहून कित्येक अंश अधिक थंड होते. त्यात वेण्णा तलावाच्या सखल भागात थंड हवा साचते. परिणामी तेथे दवबिंदू गोठून हिमकण बनतात. पर्यटकांना याचे कौतुक असले, तरी स्ट्रॉबेरीच्या फुलांना हा गारठा करपवू शकतो.

वळीव, गारा आणि वीज

एप्रिल-मे महिन्यांत दुपारपर्यंत जमीन तापते, ओलसर हवा वेगाने वर उसळते आणि काही तासांत उंचच उंच ढग उभे राहतात. त्यांच्या वरच्या थरांत पाणी गोठून गारा बनतात. असा वळीव गावाच्या एका टोकाला झोडपतो आणि दुसरे टोक कोरडे ठेवतो. तो नेमका कोठे कोसळेल, हे आदल्या दिवशी सांगणे कठीण असते. वीज दिसल्यानंतर गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागल्यास विजेचे अंतर साधारण किलोमीटरमध्ये मिळते. गडगडाट ऐकू येताच उघडे पठार व एकाकी झाड सोडून पक्क्या इमारतीत जावे.

अंदाज कसा वाचावा?

हवामान विभागाच्या परिभाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या क्षेत्रातील कमाल २५ टक्के केंद्रांवर, तर ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के केंद्रांवर. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘मुसळधार’, ११५.६ पासून ‘अतिमुसळधार’ आणि २०४.४ मिलिमीटरच्या वर ‘अत्यंत मुसळधार’ पाऊस गणला जातो. हे २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजले जातात. पिवळा इशारा ‘लक्ष ठेवा’ असे सांगतो, नारिंगी ‘सज्ज राहा’ आणि लाल ‘कृती करा’.

अंदाजाला मर्यादाही आहेत. संगणकीय प्रारूपे भूभागाचे चौकोन पाडून गणित करतात. बारा किलोमीटरच्या एका चौकोनात सह्याद्रीचा माथा आणि पायथा दोन्ही सामावतात, त्यामुळे त्यांच्यातील फरक पुसट होतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले सहा किलोमीटरचे प्रारूप मे २०२५ मध्ये वापरात आले. त्याच संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा २०१२ पासून महाबळेश्वरात आहे. मात्र आजही आठवड्याच्या अंदाजावरून बेत आखावा आणि निघताना पुढील तीन तासांचा तात्कालिक अंदाज पाहावा, हेच श्रेयस्कर.

माथ्यावरचा पाऊस, पायथ्याचा पूर

हा प्रश्न केवळ सहलीचा नाही. २३ जुलै २०२१ रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. या हिशेबाने शंभर चौरस मीटरच्या एका छपरावर जवळपास साठ हजार लिटर पाणी पडले. महाबळेश्वरच्या परिसरात उगम पावणाऱ्या कृष्णा, कोयना आणि वेण्णा पूर्वेकडे वाहतात, तर सावित्री पश्चिमेला पोलादपूर-महाडकडे उतरते. त्याच अतिवृष्टीत २२ जुलैला महाड पाण्याखाली गेले आणि तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्यापूर्वी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीच्या पुरात महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, तेव्हा दोन एसटी बसगाड्याही प्रवाहात गेल्या होत्या.

म्हणून लाल इशारा असताना पर्यटकांनी घाटरस्ते टाळावेत. आणि सावित्रीकाठच्या रहिवाशांनी आपल्या डोक्यावरच्या आकाशाबरोबरच महाबळेश्वरच्या पावसाचा आकडाही पाहावा. तेथे पडलेले पाणी काही तासांतच त्यांच्या दाराशी येणार असते.