फुटका कान

मराठीत ‘कान फुटला’ म्हटलं की कानातून पू येतोय, एवढाच अर्थ घेतला जातो. पडदा फाटलाय का, हे त्यात कुणी विचारत नाही. पण कितीतरी वेळा तो खरोखरच फाटलेला असतो. म्हणजे भाषेने निदान आधीच करून ठेवलेलं!

परवा भाचीचा फोन आला. तिच्या मुलाने पोहण्याच्या तलावात उंचावरून उडी मारली आणि कानाच्या बाजूने पाण्यावर आपटला. पडद्याला भोक पडलं. डॉक्टरांनी कानात पाहिलं आणि सांगितलं, "काही घालू नका, कान कोरडा ठेवा, दोन महिन्यांनी दाखवा." भाची वैतागली. औषध नाही, थेंब नाहीत, हे कसले डॉक्टर? मी तिला म्हटलं, अगं, हे ‘काही घालू नका’ म्हणायला वैद्यकाला काहीशे वर्षं लागली आहेत. मग म्हटलं, ती गोष्ट जरा सविस्तरच लिहावी. जन्मभर मी इतिहास शिकवला, पण लढाया आणि तह यांच्यापलीकडे पाठ्यपुस्तक कधी गेलंच नाही.

कानाचा पडदा असतो जेमतेम एक सेंटिमीटर रुंद आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका जाड. त्याच्यावर आवाज आदळला की तो थरथरतो, त्याच्यामागची तीन इवलीशी हाडं हलतात आणि आवाज आतल्या कानात पोहोचतो. भोक पडलं तर ऐकू कमी येतं, पण किती कमी, हे भोक केवढं आणि कुठे यावर अवलंबून. ही गोष्ट मात्र लोकांना फार उशिरा कळली.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग मोजले आहेत. कान वाहण्याची कारणं तिथे तीन दिली आहेत: डोक्याला लागलेला मार, पाण्यात मारलेली बुडी आणि आत पिकलेलं गळू. आजच्या डॉक्टरांना विचारा, तेही बरीचशी हीच सांगतील. फार तर विमानप्रवास, स्फोट आणि कान कोरायला घेतलेली हेअरपिन तेवढी जोडतील. उपायांमध्ये कान पुसणं, धुणं, धुरी देणं आहे. म्हणजे आत साचू द्यायचं नाही, हे तेव्हाही ठाऊक होतं. मग आपल्या घराघरांतून ते लसणीचं कोमट तेल कुठून आलं कोण जाणे! कानात तेल घालून झोपणं ही म्हण झाली ती बेफिकिरीसाठी, पण पडद्याला भोक असताना खरोखरच तेल घातलं तर ते थेट मधल्या कानात उतरतं.

युरोपात १६४० साली मार्कस बॅन्झर नावाच्या वैद्याने नळीच्या तोंडावर डुकराच्या मूत्राशयाची पातळ त्वचा ताणून बसवली आणि ती कानात घालायची युक्ती सुचवली. भोक झाकायचा हा पहिला नोंदलेला प्रयत्न. त्यानंतर दीडशे-दोनशे वर्षं कुणी फारसं पुढे गेलं नाही. अठराव्या शतकात लंडनच्या चेसेल्डन या नामांकित शल्यवैद्याला प्रश्न पडला, की पडदा फाटला तर माणूस खरंच बहिरा होतो का? त्याने फाशीच्या एका कैद्याला माफी मिळवून द्यायची आणि बदल्यात त्याचा पडदा फोडून पाहायचा, असा घाट घातला. लोकांनी एवढा आरडाओरडा केला की तो प्रयोग राहूनच गेला. मला हे वाचून लोकांचं कौतुक वाटलं. फाशी बघायला गर्दी करणारेच ते, पण कानाला हात लावू देईनात!

उत्तर शेवटी कैद्याकडून नाही, एका विद्यार्थ्याकडून मिळालं. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये शिकणारा विशीतला एक मुलगा ॲस्टली कूपर या शल्यवैद्याकडे आला. लहानपणी दोन्ही कान पिकले होते. एका कानाचा पडदा पार नाहीसा झाला होता आणि दुसऱ्याचा बराचसा. नाक आणि तोंड दाबून त्याने हवा सोडली की ती कानातून शिट्टीसारखी बाहेर यायची आणि कानशिलावरचे केस उडायचे. आणि हा मुलगा चारचौघांत बोललेलं ऐकू शकत होता, बासरी उत्तम वाजवत होता! कूपरने १८०० साली रॉयल सोसायटीपुढे हे मांडलं. मग तो आणखी पुढे गेला. नाक आणि कान जोडणारी नळी बुजल्यामुळे जे बहिरे झाले होते, त्यांच्या पडद्याला त्याने मुद्दाम भोक पाडलं आणि काहींना तिथल्या तिथे ऐकू येऊ लागलं. १८०१ साली त्याला सोसायटीचं कॉप्ले पदक मिळालं. त्याच्या दारात बहिऱ्यांची रीघ लागली.

आणि इथेच गंमत झाली. कूपरने पाडलेली भोकं बुजू लागली! पडद्याची कातडी आपणहून सरकत येई आणि छिद्र मिटवून टाकी. शेवटी त्याने तो उद्योग सोडून दिला. ज्यांना भोक नको त्यांचं मिटेना आणि ज्याला हवं त्याचं टिकेना. भोक उघडं ठेवायला त्यात चिमुकली प्लास्टिकची नळी बसवायची, हे अमेरिकेत आर्मस्ट्राँगने दाखवलं ते १९५४ साली. ताजं भोक शरीर स्वतःच बुजवतं, ही खरी महत्त्वाची गोष्ट कूपरच्या अपयशातच होती. पण अपयशाला पदक कोण देणार?

पुढची पायरीही रोग्यानेच दाखवली. १८४१ साली न्यूयॉर्कचा एक गृहस्थ लंडनला जेम्स यिअर्स्ली या कानाच्या डॉक्टरकडे आला. कागदाची सुरळी करायची, टोकाला थुंकी लावायची आणि ती कानात खोल सारायची, की आपल्याला छान ऐकू येतं, असं त्याने सांगितलं. यिअर्स्लीने हसण्यावारी नेलं नाही. त्याने कागदाऐवजी ओल्या कापसाची गोळी वापरून पाहिली आणि कितीतरी जणांना गुण आला. मला या माणसाबद्दल आदर वाटतो. रोग्याचं ऐकून घेणारा कानाचा डॉक्टर!

त्याच्याच काळातला जोसेफ टॉयन्बी. नाव ओळखीचं वाटलं ना? मानवी संस्कृतींचा १२ खंडांचा इतिहास लिहिणारे आर्नल्ड टॉयन्बी, त्यांचे हे आजोबा. या आजोबांनी मृतांचे शेकडो कान कापून अभ्यासले आणि १८५३ साली रबराची बारीक चकती चांदीच्या तारेला जोडून कृत्रिम पडदा तयार केला. रोग्याला तो स्वतःच घालता-काढता येई. १८६६ साली कानात होणाऱ्या गुणगुणीवर औषध शोधताना त्यांनी क्लोरोफॉर्म आणि प्रुसिक ॲसिडच्या वाफा स्वतःवरच घेऊन पाहिल्या आणि त्यातच ते गेले. वय अवघं ५०. नातवाला त्यांना पाहायलाच मिळालं नाही.

बॉस्टनच्या क्लॅरेन्स ब्लेक यांनी पुढे साध्या कागदाचा तुकडा भोकावर चिकटवला. त्याच्या आधाराने कातडी पलीकडे पोहोचते, विहिरीवर फळी टाकावी तशी. कागदाचं हे ठिगळ लहान भोकांना अजूनही लावतात. आणि हो, याच ब्लेकनी १८७४ साली ग्रॅहॅम बेलला एका मृत माणसाचा कान मिळवून दिला होता. त्या कानाला गवताची काडी जोडून बेलने आवाजाच्या रेघोट्या काजळी धरलेल्या काचेवर काढल्या. एवढासा पडदा एवढी हाडं हलवतो, तर मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का हलवणार नाही, या विचारातून टेलिफोन आला. असो, विषयांतर झालं.

जुनी भोकं का मिटत नाहीत? कारण बाहेरची कातडी कडेवरून आत वळते आणि आतल्या अस्तराला जाऊन मिळते. कड शिवल्यासारखी पक्की होते आणि शरीराला वाटतं, काम झालं. म्हणून १८७६ साली रूसा या डॉक्टरने कड सिल्व्हर नायट्रेटने जाळून पुन्हा ताजी जखम करायला सुरुवात केली. दोनच वर्षांनी जर्मनीत बर्टहोल्डने भोकावर अंगाची कातडी लावून शिवणकामाचा नवा धडा घातला. पण तो तसाच सत्तरेक वर्षं पडून राहिला. दिसायला सूक्ष्मदर्शक नव्हता आणि पू थांबवायला पेनिसिलिन नव्हतं. ही दोन्ही आल्यावर १९५० नंतर वुल्स्टाइन आणि झोल्नर या जर्मन डॉक्टरांनी आजच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला. अंगाची कातडी कानात टिकेना, ती सोलवटायची. मग कानाच्या वरच असलेल्या स्नायूवरचं पातळ आवरण घ्यायची कल्पना हेरमानने पुढे आणली. घास चावताना कानशिलाला बोट लावा, हलतो तो हाच स्नायू. आपल्या भारतातल्या इस्पितळांतही आज हेच आवरण वापरतात.

आता ज्या कारणाबद्दल लिहिताना मला बरं वाटत नाही, त्याकडे येते. ‘कानाखाली वाजवणं’. पसरट पंजा कानावर बसला की कानाच्या नळीतली हवा दाबली जाते आणि पडदा फाटतो. मारणारे बहुतेक उजवे, म्हणून फाटतो तो बहुधा डावा कान. आमच्या काळात शाळांतून हे सर्रास चाले आणि पालकच येऊन सांगत, "मास्तर, दोन ठेवून द्या." २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतला मार बंद केला, निदान कागदावर. पण मारापेक्षाही मोठी संख्या आहे ती सर्दीवाटे कान पिकलेल्या गरिबांच्या मुलांची. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली जगात साडेसहा कोटी ते ३३ कोटी माणसांचे कान वाहत असावेत असा अंदाज दिला. त्यातल्या साठ टक्क्यांची श्रवणशक्ती चांगलीच घटलेली. अशी मुलं मी शेवटच्या बाकावर पाहिली आहेत. कानात कापसाचा पिवळा बोळा, जवळ बसायला कुणी तयार नाही, आणि शिक्षकांच्या खोलीत त्याचं नाव ‘मठ्ठ’. त्याला प्रश्नच ऐकू गेलेला नसे.

भारत सरकारने बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला तो २००६-०७ मध्ये. कान वाहत असेल तर आधी तो कोरडा करायचा. थेंब डॉक्टरांनी दिलेलेच घालायचे, कारण दुकानातले काही थेंब भोकातून आत गेले तर आतल्या कानालाच इजा करतात. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवायचा आणि नंतर काढून टाकायचा. नाक जोरात शिंकरायचं नाही. मारामुळे किंवा पाण्यामुळे पडलेली बहुतेक भोकं दोन-तीन महिन्यांत मिटतात. नाहीच मिटलं तर डॉक्टर कड खरवडून ताजी करतात, रूसाने केली होती तशी, आणि त्यावर ते कानशिलाचं आवरण पसरतात.