नाव, गट आणि अंतर

मोरा बंदरावर ‘कोळी’ हा शब्द उच्चारला की समुद्रावर उपजीविका करणारा समाज डोळ्यांसमोर येतो. जुन्नर-अकोले भागात तोच शब्द डोंगरात शेती करणाऱ्या महादेव कोळ्यांना लावतात. परंपरेने दोहोंत बेटीव्यवहार नाही. शब्द एक, समाज दोन. भाषाभ्यासकाला यात नवल वाटत नाही. परंतु आनुवंशिक सामग्रीच्या कोष्टकात असा शब्द शिरला म्हणजे काय घडते, हे पाहणे अगत्याचे आहे.

१९२० साली नागपूर येथे भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये नेल्सन अॅनंडेल यांनी प्रशांतचंद्र महालनोबिस यांना कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांची शरीरमापे तपासण्यास सुचविले. त्या कामातून वाढत गेलेल्या विचाराला १९३६ साली ‘डी-वर्ग’ या अंतराचे रूप आले. उंची व हाताची लांबी बहुधा बरोबरच वाढतात. त्यांतील फरक स्वतंत्र धरल्यास एकच भेद दोनदा मोजला जातो. सहप्रसरणाचा विचार करून डी-वर्ग हा दोष टाळतो.

परंतु अंतर कोणत्या दोन गटांमधले, हे सूत्र सांगत नाही. इरावती कर्वे यांनी या प्रश्नास हात घातला. १९६८ साली कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. ‘ब्राह्मण’ हे एकच शीर्षक न घेता प्रत्येक अंतर्विवाही गट त्यांनी स्वतंत्र एकक मानला. पोटजाती म्हणजे एका मूळ जातीचे तुकडे होत, हे गृहीत त्यांना मान्य नव्हते.

ऑकलंड येथे रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी घडविलेल्या ‘आर’ या संगणकभाषेची पहिली पूर्ण आवृत्ती २००० साली निघाली. तीत ‘महालनोबिस’ नावाचे फलन आज सिद्धच आहे. ते अंतर नव्हे, अंतराचा वर्ग देते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावे. आनुवंशिक सामग्रीत प्रत्येक स्थानी विशिष्ट पर्यायाच्या प्रती ०, १ किंवा २ अशा लिहितात. शेजारच्या स्तंभात गटाचे नाव असते. ते नाव ‘आर’ निमूटपणे स्वीकारते.

समजा, एका पर्यायाचे प्रमाण एका गटात ०.२ व दुसऱ्यात ०.८ आहे. समान संख्येचे हे गट एका नावाखाली घातले तर सरासरी ०.५ येते, ती दोहोंपैकी कोणाचीच नव्हे. मिश्रयुग्मी व्यक्ती ५० टक्के अपेक्षित ठरतात, प्रत्यक्षात ३२ टक्केच आढळतात. १९२८ साली वालुंड यांनी दाखविलेला हा परिणाम न ओळखणारा अभ्यासक या तुटीचा दोष सगोत्र विवाहांना किंवा प्रयोगशाळेला देईल. दोष नावाचा असेल.

म्हणून गाव, घरची बोली, लोक स्वतःला देतात ते नाव आणि सोयरीक जुळते ते वर्तुळ यांची नोंद निरनिराळ्या स्तंभांत करावी. वेगळे नोंदलेले पुढे एकत्र करता येते; नोंदतानाच एक केलेले मागाहून वेगळे करता येत नाही.