शिंगरू आणि गधेगाळ : मराठी बायबलातील प्राणिप्रतिमांविषयी

बायबलाच्या मराठीकरणाचा विचार आपल्याकडे बहुधा शब्दकळेपाशी थांबतो. फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’ची (१६१६) ओवी रसाळ आणि मिशनऱ्यांचे गद्य कृत्रिम, एवढा निवाडा दिला की अभ्यासक मोकळे होतात. परंतु या ग्रंथाचे परकेपण केवळ वाक्यरचनेत नाही. ते त्यातील प्राण्यांच्या चिन्हमूल्यातही आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. शब्दाला प्रतिशब्द मिळतो. त्या शब्दाभोवती यजमान संस्कृतीने साठवलेला मान-अपमान मात्र भाषांतरकाराच्या हाती नसतो.

स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ मध्ये बाणकोट येथे आपल्या कार्याला आरंभ केला. ज्या मुलखात त्यांना ‘उत्तम मेंढपाळ’ आणि ‘देवाचा कोकरा’ या प्रतिमा सांगावयाच्या होत्या, तो अतिवृष्टीचा कोकण मेंढरांचा प्रदेश नव्हे. येथील डोंगरउतारांवरचा गवळी-धनगरदेखील मुख्यतः म्हशी पाळणारा. कोकरू हा घाटमाथ्यापलीकडचा, उघड्या माळाचा जीव. शिवाय भक्ताच्या आर्ततेसाठी मराठी संतवाणीने गाय-वासराचे नाते आधीच सिद्ध केलेले होते. लूककृत शुभवर्तमानात हरवलेल्या मेंढरामागे धनी जातो, संतांच्या अभंगांत वासरासाठी गाय धावते. धाव दोन्हीकडे वरून खालीच आहे. तथापि वासराचा बळी कल्पिता येत नाही, आणि वल्हांडणाच्या कोकऱ्याला तर बळीवाचून अर्थच नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ मध्ये जन्मलेले आणि १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले ना. वा. तिलक पुढे अहमदनगर परिसरात रमले. त्यांच्या आयुष्यातला हा घाट चढण्याचा प्रवास प्रतिमांच्या भूगोलाच्या दृष्टीनेही पाहण्याजोगा आहे.

खरा पेच गाढवाचा. जखऱ्याच्या भविष्यवाणीतला राजा नम्र आहे म्हणून गाढवावर बसून येतो, आणि येशूचा यरुशलेमप्रवेश त्याच वचनाची पूर्तता म्हणून मत्तय सांगतो. प्राचीन इस्राएलात हे वाहन हीन नव्हते. शास्ते पुस्तकातील याईराचे तीस पुत्र तीस गाढवांवर बसत, हे त्यांच्या प्रतिष्ठेचे लक्षण म्हणून नोंदले आहे. घोडा युद्धाचा, गाढव शांततेचे, असा तेथला संकेत. मराठीत मात्र गाढवावर बसवतात ते धिंड काढण्यासाठी. कोकणात तर हा अपमान दगडात कोरलेला आहे. शिलाहारकाळापासूनच्या गधेगाळींवर माथ्याशी चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख आणि तळाशी गाढव व स्त्री यांचे शिल्प दिसते; दान मोडणाऱ्याच्या मातेला दिलेली ती शिवी आहे. परळच्या ११८७ च्या अपरादित्याच्या लेखात ती अक्षरांतही आहे. (शीतलादेवीचे वाहन गाढव आहे, हे खरे, पण तिच्या भक्तीत देवीच्या कोपाचे भयच अधिक.)

मराठी बायबलात ‘शिंगरू’ हा शब्द येतो, तो येथे उपकारक ठरतो. शिंगरू घोड्याचेही असते. त्यामुळे शिवीची धार थोडी बोथट होते. तरीही ‘गाढवी’ शेजारी उभीच असते. टीकाकार म्हणतील की, मराठी वाचकाच्या मनात येथे धिंड जागी होणे हा निव्वळ गैरसमज आहे. पाठाच्या मूळ संदर्भाच्या दृष्टीने तो आहेच. पण त्याच आठवड्याच्या अखेरीस त्याच राजाला काट्यांचा मुकुट घालून त्याची विटंबना केली जाते. जयघोष करणाऱ्या लोकांना जे दिसले नाही, ते या गैरसमजामुळे मराठी वाचकाला प्रवेशाच्या क्षणीच दिसते. अपमानाचे वाहन ज्याने स्वेच्छेने पत्करले असा राजा हा अर्थ मूळ संकेतात नाही, परंतु कथेच्या विरोधातही नाही.

सर्पाविषयी विस्ताराची गरज नाही. नागपंचमीला वारुळ पुजणाऱ्या समाजाला एदेन बागेतील सर्प खुपणार, हे उघड आहे. मात्र मोशेने खांबावर उभारलेला पितळी सर्प, ज्याकडे पाहिल्याने दंश झालेले वाचत, तो या वाचकाला फारसा परका वाटू नये. धर्मोपदेशात पहिल्याइतके स्थान दुसऱ्यालाही मिळते, तर संवादाची एक वाट मोकळी झाली असती.

गणना या पुस्तकातील बलामाची गाढवी आणि पैठणचा रेडा यांची तुलना तर आपोआप सुचते. दोघेही ज्ञात्यांच्या देखत बोलतात आणि ज्ञात्यांचे डोळे उघडतात. पण रेड्याच्या मुखातून येतो तो वेद. त्याच्या पाठीवरच्या ओझ्याविषयी तो काही बोलत नाही. बलामाच्या गाढवीला संदेष्ट्याआधी देवदूत दिसतो, आणि वाचा फुटताच ती विचारते ते एवढेच, की मला तीनदा का मारलेस.